कॅप्टनचं माप

दार बोटभर उघडलं आणि आतून कॅप्टनचा दबका आवाज आला, "टेलरताई, जरा आत या. एकट्याच या."

टेलरताई पिशवी घेऊन उठली. हॉलमध्ये नऊ जण नवे लाल टी-शर्ट घालून फोटोसाठी उभे होते. वर्षभर ही माणसं एकमेकांना फक्त मोबाइलवर ओळखत होती. आज किती चाललो, किती जिने चढलो, काय काय खाल्लं नाही, ते रोज ग्रुपवर टाकायचं. अलीकडे सगळेच ढेपाळले होते, म्हणून कॅप्टनने फर्मान काढलं: एकदा समोरासमोर भेटू, एकसारखे टी-शर्ट घालू, नव्या जोमाने लागू. शिवायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. मापं मात्र ज्याने त्याने तिला एकटीलाच, खासगीत कळवली होती.

कपडे बदलायच्या खोलीत एक बाक, एक आरसा आणि तीन खुंट्या होत्या. मधोमध कॅप्टन उभा. टी-शर्ट डोक्यातून आत गेला होता आणि छातीवर गुंडाळी होऊन अडकला होता. आता तो खाली येईना आणि वरही जाईना. हात धड खाली होत नव्हते. गुंडाळीखाली पोट होतं, चांगलं भरलेलं, घामाने चकाकणारं. ग्रुपवर ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. तिथे कॅप्टनचे फोटो नेहमी छातीपासून वरचे.

"अहो, काय शिवलंत हे? मी तुम्हाला पोटाचं माप चव्वेचाळीस लिहिलं होतं!"

"हो ना. आणि ग्रुपवर दर रविवारी तेच माप चौतीस लिहिता." तिने चष्मा वर सरकवला. "म्हटलं, कॅप्टन सगळ्यांशी खोटं कसं बोलतील? चौतीस धरलं."

बाकीच्यांचं कापड ताणलं जाणारं होतं. त्याच्या एकट्यासाठी तिने न ताणलं जाणारं घेतलं होतं आणि लाल रंग जुळावा म्हणून चार दुकानं पालथी घातली होती. आता त्याला असा अडकलेला पाहून तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

नियम कॅप्टनचाच होता. ज्याचा दिवस बुडेल त्याने ग्रुपवर फोटो टाकायचा: बाजूने उभं राहून, श्वास सोडून. पोट आत ओढलं तर फोटो बाद. मागे तिला ताप आला, तीन दिवस बुडाले आणि तिने इमानेइतबारे फोटो टाकला. संध्याकाळच्या आत कॅप्टनने त्यातला चेहरा कापला, पोट ठेवलं, खाली लिहिलं, 'उद्यापासून नक्की', आणि त्याचं स्टिकर केलं. लोक खदाखदा हसले. ते या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये गेलं आणि एक दिवस तिच्या लेकीच्या मोबाइलवर येऊन पोचलं.

"आई, ही तू आहेस ना? कुर्त्याला हा खिसा तूच लावलायस."

"नाही गं. असेल कुणीतरी बाई."

लेकीने पुन्हा विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाली, शाळेत न्यायला येत जाऊ नकोस, माझी मी येईन.

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. "कॅप्टन! कॅप्टन! अहो, फोटो काढायचाय!"

"तुमच्याकडे कात्री असेल ना?" त्याने विचारलं.

"आहे." तिने पिशवीतून कात्री काढली. तिच्यामागोमाग एक घडी केलेला लाल टी-शर्ट काढला. चव्वेचाळीस, अगदी बरोबर, कॉलरला इस्त्री केलेला.

कॅप्टनचा जीव भांड्यात पडला. "देवासारख्या धावून आलात हो ताई!"

तिने तो टी-शर्ट बाकावर ठेवला आणि त्याच्यावर बसली.

"ते स्टिकर," ती म्हणाली. "उद्यापासून नक्की."

"त्याचं काय? सकाळीच टाकलं की मी, उशीर करणाऱ्यांसाठी." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "ते... ते तुमचं होतं?"

तो गयावया करेल, नाहीतर गंमत होती म्हणून हसण्यावारी नेईल. दोन्हींची तयारी करून ती आली होती. चार शब्द सुनावायचे, नाक घासून घ्यायचं आणि कात्री चालवायची, एवढंच ठरलं होतं. पण तिची लेक रोज एकटी घरी येत होती आणि हा गृहस्थ साफ विसरून गेला होता. तो विसरला असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिने कात्री पिशवीत परत टाकली आणि मोबाइल काढला.

"बाजूने उभे राहा."

"ताई, अहो चुकलो. माफी मागतो. हवं तर सगळ्यांसमोर..."

"मग दार उघडू?"

बाहेरून कुणीतरी दारावर थाप मारली. "कॅप्टन, आहात ना आत? की पळालात?" पुन्हा हशा पिकला.

कॅप्टन दाराकडे बघत राहिला. मग सावकाश वळला आणि बाजूने उभा राहिला. पोट त्याने आत ओढलं, इतकं की मान लाल झाली आणि फासळ्या दिसायला लागल्या.

ती मोबाइल धरून बसून राहिली. तिला घाई नव्हती. उसवणं असो की शिवणं, थांबायची तिला सवय होती.

"श्वास सोडा, कॅप्टन," ती म्हणाली. "नाहीतर बाद धरतात."