सहाव्यांदा

"मावशी, पडदा पार नासला की हो," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठ दिवसांपूर्वी दाढ काढल्यावर हाड नीट भरून यावं म्हणून त्यांनी खड्ड्यावर औषधी पडदा बसवला होता. जखम लवकर वाळावी म्हणून सगुणाबाईंनी त्यावर रोज सकाळी मिश्री दाबली होती.

डॉक्टरीणबाईंनी खड्डा साफ केला. सगुणाबाईंच्या दंडातून रक्त काढलं, नळी यंत्रात फिरवली आणि सायीसारखा पिवळट पडदा चिमट्यात धरून दाखवला. "हा तुमच्याच रक्तातून केलाय. आता जपा."

घरी येताच सगुणाबाईंनी मिश्रीची डबी सुनेच्या हाती दिली. "मी रडले तरी देऊ नकोस." तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं इतकं ठणकलं, की सुनेलाच दया आली. तिने डबी पुढे केली. सगुणाबाईंनी ती घेतली आणि चुलीत पालथी केली.

महिन्याभरात जखम गुलाबी भरून आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चाळीस वर्षांची मिश्री सुटली कशी, मावशी?"

"पाचही लेकरं पोटात असताना मी डबीला शिवले नव्हते, बाई. हे सहावं समजले."