निर्जंत गावाची पाटी

"भन्ते, गावाला तुमच्याकडून थोडं दान हवंय," सरपंच खामसेन गुडघ्यांवर बसत म्हणाला आणि प्लास्टिकच्या डब्यांनी भरलेली पिशवी त्यानं पुढे सरकवली.

विहारातल्या म्हाताऱ्या भन्तेंनी एक डबी उचलून उघडून पाहिली. रिकामीच होती. "दान? ते तर रोज सकाळी तुम्ही मला देता."

"आज उलटं. आज गाव मागतंय." खामसेननं आवाज खाली आणला. "उद्या सकाळी तुम्ही परसाकडे जाऊन आलात की... म्हणजे प्रत्येक डबीत शेंगदाण्याएवढं पुरतं."

आरोग्य केंद्राच्या पिकुनबाईंनी पोराटोरांसकट माणशी एकेक डबी वाटली होती. ज्या गावाच्या एकाही डबीत यकृतातल्या जंताचं अंडं सापडणार नाही, त्या गावाला 'निर्जंत गाव' अशी पाटी मिळणार होती. पाटी लावायला खुद्द जिल्ह्याचे साहेब येणार होते. शेजारच्या नोंग बुआ गावाला ती गेल्या वर्षीच मिळाली, आणि तेव्हापासून तिथला सरपंच "आमच्या निर्जंत गावात" असं म्हटल्याशिवाय तोंड उघडत नव्हता. खामसेनची झोप उडाली होती ती यामुळे.

अडचण एवढीच होती की गाव कच्च्या मासळीवर जगत होतं. नदीची ताजी मासळी बारीक चेचायची, वर लिंबू, मिरची आणि भाजलेल्या तांदळाचं कूट, की झालं कोय प्ला. खामसेन सकाळी भोंग्यावरून "मासे शिजवून खा" म्हणून ओरडायचा आणि संध्याकाळी तोच भोंगेवाला सगळ्यांच्या आधी ताटाशी बसायचा. तांदळाच्या दारूनं जंत आतल्या आत मरतो, असं त्याचं शास्त्र होतं.

पिकुनबाईंनी चित्र लावून सगळं समजावलं होतं. हा जंत पानासारखा चपटा. आधी गोगलगायीत वाढतो, मग माशात, आणि शेवटी माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. त्याला तोंड असतं, पण खाल्लेलं बाहेर टाकायला मागची वाट नसते.

"म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या कचेरीसारखाच की!" तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. खामसेनही हसला, पण अर्धवट. त्याचा बाप यकृत सडूनच गेला होता, शेवटी हळदीसारखा पिवळा होऊन. ते आठवलं की खामसेनला आजही भडभडून येई.

साऱ्या गावात शुद्ध पोट एकच, भन्तेंचं. दारू नाही, जेवण एकदाच, आणि भिक्षूनं कच्चं मांस-मासळी घ्यायची नाही हा तर धर्माचाच नियम.

भन्तेंनी हातातल्या डबीचं झाकण लावलं. "नीट विचार केलायस ना?"

"केलाय, भन्ते."

"मग न्या. नाहीतरी ते तुमचंच आहे."

खामसेनला हा त्यांचा विनय वाटला. त्यानं जमिनीला कपाळ टेकलं.

डब्या भरायचं काम बायकोवर, बुआलाईवर आलं. ती नाकाला फडकं बांधून बसली. "लग्नात हे सांगितलं नव्हतंत."

"अगं, पुण्याचं काम आहे."

"मग तुम्हीच कमवा पुण्य. हा घ्या चमचा."

शेवटी पुण्य त्यानंच कमावलं. डब्या केंद्रावर पोचवून आल्या आल्या त्यानं वेशीवर पाटीसाठी खांबही रोवून घेतला. पाटी काय, मागून येईल.

निकालाच्या दिवशी गाव विहाराच्या मंडपात जमलं. भन्ते नेहमीप्रमाणे चौथऱ्यावर बसले होते. पिकुनबाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा काही वेगळाच दिसत होता.

"एवढ्या वर्षांत असं गाव मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

खामसेनची छाती फुगली.

"झाडून सगळ्या डब्यांत यकृतातल्या जंताची अंडी! वर त्याचा चुलतभाऊ, तो फितीसारखा लांबलचक, कच्च्या गोमांसातून येणारा, तोही प्रत्येकाच्या पोटात. चपट्या जंतांच्या या दोन निराळ्या शाखा, पण तुमच्याकडे घराघरात एकोप्यानं नांदतायत. दात न आलेल्या पोरांच्या डबीतसुद्धा!"

खामसेनचा तोल गेला. "भन्ते! तुम्ही कच्चं खाता?"

आपण काय बोलून बसलो, हे त्याला बोलल्यावर कळलं. पिकुनबाईंनी चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं, मग चौथऱ्याकडे पाहिलं. आता नोंग बुआपर्यंत ही गोष्ट पोचायला संध्याकाळसुद्धा व्हावी लागणार नव्हती.

भन्ते रागावले नाहीत. "खामसेन, दर पौर्णिमेला माझ्या पात्रात तू काय वाढतोस?"

"वडिलांच्या नावानं वाढतो, भन्ते. त्यांच्या आवडीचं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं तुम्हाला वाढलं की त्याला पोचतं ना..."

"पण काय वाढतोस?"

"कोय प्ला," खामसेन पुटपुटला, आणि लगेच उसळून म्हणाला, "पण लिंबू पिळून! चांगलं पांढरं होईपर्यंत! लिंबानं शिजतंच ते!"

मागच्या रांगेत नवऱ्याच्या नावानं कच्च्या गोमांसाची चटणी वाढणाऱ्या विधवा मावशीनं खांद्यावरचं फडकं तोंडावर ओढलं. कोणीच कोणाकडे बघेना. प्रत्येक घरातलं कोणीतरी गेलेलं होतं, आणि गेलेल्या प्रत्येकाला काही ना काही आवडत होतं.

"तुम्ही शिजलेलं म्हणून वाढलंत, मी शिजलेलं म्हणून खाल्लं," भन्ते म्हणाले. "बाप ज्यानं गेला, तेच तू त्याला इतकी वर्षं पाठवतोयस, खामसेन. त्याला पोचलं की नाही, मला ठाऊक नाही. मला मात्र पोचलं."