डाव्या कानातले थेंब

"अहो, असं नाही. कूस बदला," म्हणत तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर वळवून घेतलं आणि कोमट तेलाचे थेंब त्याच्या डाव्या कानात सोडले. बंद पडला होता तो उजवा.

डाव्यात तेल घालणं म्हणजे दगडावर पाणी. नवरा पत्रेवाला. बादल्या, पिंपं, धुराडी ठोकून ठोकून डावा कान कधीच कामातून गेला होता. आणि ठोकणं तरी कसलं? त्या आवाजाने गल्लीतल्या कावळ्यांनी बिऱ्हाडं हलवली होती, आणि समोरच्या घरातलं तान्हं मूल सुट्टीच्या दिवशी शांतता ऐकून दचकून रडत उठायचं. सगळा संसार उजव्या कानावर चालला होता. त्यातही आता मळाचं असं बूच बसलं होतं, की अंगणात तोफ डागली असती तरी दारावर कुणी टकटक केली म्हणून तो उठला असता.

उजवा कान बसल्याने बायकोची मात्र चंगळ झाली होती. कारण भिंतीपलीकडे व्हायोलिनच्या बाई राहायच्या. एकट्या. संध्याकाळी शिकवण्या आटोपल्या की त्या स्वतःपुरतं वाजवायच्या, आणि हा दुकानातून आला की चहाचा कप घेऊन, स्टूल ओढून, उजवा कान भिंतीला टेकवायचा. जणू भिंतीला ताप आलाय का ते बघतोय. बायको काही सांगायला गेली की नुसता हात वर. थांब जरा. डोकं टेकून टेकून भिंतीवर केसांच्या तेलाचा डाग पडला होता. तिने तो घासला, पुन्हा घासला. भिंतीचा रंग गेला, डाग होता तिथेच.

कान बसल्यापासून स्टूल स्वयंपाकघरात आलं होतं. चहा तिच्यासमोर. वर तेलाच्या निमित्ताने डोकं मांडीवर. म्हणून थेंब डाव्यात. मेल्या कानाला काय कळतंय, असं मनाशी म्हणत ती रोज न चुकता चुकत होती.

आज ड्रॉपर खाली ठेवते न ठेवते तोच दार वाजलं. दारात व्हायोलिनच्या बाई. एका हातात वाडगं, दुसऱ्यात रबरी पिचकारी आणि काखेत टॉर्च.

"वहिनी, भाऊंचा कान बसलाय म्हणे? इतके दिवस स्टूल सरकल्याचा आवाज आला नाही, म्हणून चौकशी केली."

म्हणजे कान तिकडूनही लागलेला होता तर. वहिनींच्या पोटात असा जाळ उठला, की त्यावर पाण्याचा हंडा तापला असता. भाऊ म्हणे.

"आमचं तेल चालू आहे," ती म्हणाली.

"मग मळ मऊ झालाच असेल. आता कोमट पाण्याने हळूच धुतला की सुटेल. पिन-काडी काही घातली नाहीत ना?"

"आम्ही काय जंगलातून आलोय?"

बाई तोवर कॉटवर टेकल्याही. व्हायोलिनची खुंटी पिळावी तशी बेताने त्यांनी पत्रेवाल्याच्या उजव्या कानाची पाळी धरली, जराशी वर ओढली आणि आत टॉर्च मारला. लांब, गोरी, न राबलेली बोटं. बायकोने स्वतःची बोटं पदरात गुंडाळून घेतली.

"वहिनी, हा तर ठणठणीत कोरडा आहे. तेलाचा थेंबसुद्धा लागलेला नाही." बाईंनी त्याचं डोकं वळवलं. "आणि हा डावा बघा. कढईसारखा माखलाय."

पत्रेवाल्याने वर बघितलं. बाईंचं बोट या कानावरून त्या कानावर जाताना दिसलं, बायकोचं उतरलेलं तोंड दिसलं. ऐकायला काही यायची गरजच पडली नाही.

"माझी चूक, बाई," तो बहिऱ्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला. "मीच हिला डावा म्हणून सांगितलं. मला मेलं डावं-उजवं कळत नाही."

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग टॉर्च विझवला.

"मग आता उजव्यात घाला काही दिवस. मऊ झाल्याशिवाय पाणी नको. पिचकारी ठेवून जाऊ?"

"नको. न्या."

दार लागलं. थोड्या वेळाने पलीकडे व्हायोलिन सुरू झालं. पत्रेवाला छताकडे बघत पडून होता. त्याने तिला काहीही सांगितलं नव्हतं, डावाही नाही आणि उजवाही नाही.

"तुम्हाला कळत होतं?" तिने हळूच विचारलं. त्याला ओठ हलताना दिसले, एवढंच. मग तिने तोंड पार त्याच्या उजव्या कानाशी नेलं आणि ओरडून विचारलं, "कळत होतं तर बोलला का नाहीत?"

पलीकडे व्हायोलिनचा गज थांबला.

"कान बहिरा आहे, कातडी नाही," तो म्हणाला. दोन्ही घरांना पुरेल इतक्या आवाजात. "बोललो असतो तर कान मोकळा झाला असता. मग डोकं मांडीवर कुणी घेतलं असतं?"

तिने मांडी नीट केली, त्याचं डोकं वळवून घेतलं आणि ड्रॉपर उजव्या कानावर धरला. टोकाशी थेंब जमला, फुगला, लोंबायला लागला. भिंतीपलीकडे बराच वेळ काही वाजलं नाही.

"अगं, सोड ना," तो म्हणाला.

"सोडते," ती म्हणाली. "घाई काय आहे?"