बेरेझिनाचा रिकामा पूल

कावळा खाली उतरला, पिंडाजवळ दोन उड्या मारल्या आणि नदीकडे वळून धुक्यात गेला.

"गेला," धोंडीबा म्हणाला.

तिसऱ्यांदा गेला होता. पांडुरंगराव गुरुजींचा दहावा. पैनगंगेचा काठ, जानेवारीची सकाळ, पलीकडचा महाराष्ट्र धुक्यात पुसलेला. कावळा शिवत नव्हता, म्हणजे गुरुजींच्या मनात काहीतरी राहून गेलं होतं. काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळेपर्यंत गुरुजी असेच अधांतरी.

माणसं पन्नास पावलं मागे, बाभळीखाली उभी होती. पिंडाजवळ एकट्या बयनाबाई, नवऱ्याची शाल डोक्यावरून घेऊन. त्यांनीच सगळ्यांना मागे पाठवलं होतं. "तुमच्या गलबल्यानं कावळे बिचकते. मी बसते. माले वळखते ते." बाभळीखालून त्या म्हणजे नुसता एक करडा ढीग दिसत होत्या आणि कावळा म्हणजे एक काळा ठिपका.

मुंडन केलेला सुरेंद्र, त्यांचा मुलगा, कुडकुडत ओरडला, "बाबा, आईले मी मंचेरियलले नेतो. एकटी नाई ठेवत."

पंख वाजले. ठिपका आला. वळला.

"हे नसन त्याच्या मनात," धोंडीबा पुढे झाला. गुरुजींचा धाकटा भाऊ. बराच वेळ घसा खाकरला. "दादा, तुही सायकल चोरीले नव्हती गेली. मीच इकली, भैंशा गावच्या बाजारात."

"काका?" सुरेंद्र म्हणाला.

"चूप रे. तो ऐकून राह्यला."

आला. वळला. नदीकडेच.

मग देवानंद. गुरुजींचा विद्यार्थी, आता भैंशाला कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. त्याला वाटलं, आपल्याला ठाऊक आहे. बोथच्या शाळेत तीस वर्षं गुरुजींनी एकच लढाई जीव ओतून शिकवली होती. बेरेझिना.

देवानंद डोळे मिटतो. धुकं आत येतं.

रशियातली नदी. सन १८१२, नोव्हेंबर. नेपोलियनची फौज हरून परतते आहे. मागे शत्रू, पुढे शत्रू, मधे पाणी. पूल नाही. मग चारशे माणसं छातीभर गार पाण्यात उतरतात. गावातली घरं मोडून आणलेली लाकडं. एकेक खांब कवटाळून उभी राहतात. अंगावर बर्फाचे तुकडे आपटतात

(वर्गात एप्रिल, आणि चाळीस पोरं कुडकुडतायत, आणि गुरुजी फळ्याला पाठ लावून, हात पसरून उभे, जणू सोडला तर फळा वाहून जाईल)

आणि पूल होतो. दुसराही होतो. फौज जाते, घोडे जातात, तोफा जातात आणि

घंटा.

दरवर्षी तिथंच घंटा. पुढचं कधी आलंच नाही.

"गुरुजी," देवानंद धुक्याला म्हणाला, "राह्यलेला धडा मी पुरा करतो."

आणि त्यानं सांगितलं. फौज गेली तरी हजारो माणसं अलीकडे उरली होती. आजारी, जखमी, बायकापोरं. रात्री दोन्ही पूल रिकामे पडले. अधिकारी प्रत्येक शेकोटीपाशी गेले. उठा, आत्ता पार व्हा, सकाळी पूल जाळायचे आहेत. कुणी उठलं नाही. सकाळी पूल पेटले, तेव्हा सगळे धावले.

"काऊन नाई उठले?" धोंडीबानं विचारलं. "पूल खालीच होता ना?"

"थकले होते म्हनते. पुस्तकात नीट कारन नाई."

"शेकोटी होती ना जवळ." पुढून, धुक्यातून बयनाबाईंचा आवाज आला. "देवानंदा, धडा नाई राह्यला बापा. माले सांगत ते पुरा. चुलीपाशी बसून, दरसाल."

आला. वळला.

विधी सांगणारे जोशीमहाराज उठले. "आता दर्भाचा कावळा करू. शिववू आन मोकळं करू. किती वेळ बसायचं?"

"नाई," बयनाबाई म्हणाल्या. "जित्ताच पायजे. त्यायले गवताच्या भरवशावर धाडू नोका."

बाभळीखाली कुणीतरी डोळे पुसले. केवढा जीव, एक बाई पुटपुटली. असं सोडवणारं माणूस मिळायला पुण्य लागतं.

"आई, आखीन किती?" सुरेंद्रनं विचारलं.

"धुकं हाये तवर."

महाराज खाली बसले. "धुकं हाये तवर. मंग नाई आयकनार."

 नदी दिसत नव्हती, नुसती वाहत होती. देवानंदला वाटलं, पाण्यात माणसं उभी आहेत, छातीपर्यंत, आणि त्यांनी काहीतरी धरून ठेवलं आहे. धुकं वरच्या बाजूनं विरळ होऊ लागलं होतं. पलीकडच्या एका झाडाचा शेंडा उमटला.

सुरेंद्रचा आवाज फुटला. "बाबा, तुमचं काय राह्यलं ते आमाले नाई समजलं. माफ करा. जा आता. आईकडं आमी पाहतो."

पंख वाजले.

या वेळी कावळा घुटमळला नाही. थेट पिंडासमोर उतरला. एक वीत अंतर. मान तिरकी केली, चोच वाकवली. बाभळीखाली सगळ्यांनी हात जोडले.

बयनाबाईंनी शालीच्या आतून भाकरीचा एक तुकडा काढला आणि सकाळपासून टाकत होत्या तसाच, हलकेच, नदीकडे टाकला.