दोन थरांमधलं तळं

"सर, शंख सापडला," तेजलने कड्यावरून ओरडून सांगितलं.

टेकडीच्या पायथ्याशी घडीच्या खुर्चीत बसलेले दप्तरदार सर एकदम ताठ झाले. लाव्हाचे दोन थर साचले, त्या मधल्या काळात इथे तळं होतं, असं ते आयुष्यभर सांगत आले होते. पुरावा मात्र मिळाला नव्हता. आता गुडघे साथ देईनात, म्हणून हातोडा त्यांनी या विद्यार्थिनीकडे दिला होता.

"समुद्रातला की गोड्या पाण्यातला?" सरांनी खालून विचारलं.

तेजलने भिंगातून नीट पाहिलं. "गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा, सर. वर काळा खडक, खाली काळा खडक, आणि मधल्या पांढऱ्या थरात असे कितीतरी आहेत."

सर काठी घेऊन उठले.

"अहो, ती खाली आणतेय ना," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

"शंख खाली येईल. तळं कसं येईल?"

पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून, थांबत, धापा टाकत ते वर पोहोचले. थरात रुतलेल्या शंखांवरून त्यांनी बोटं फिरवली आणि चपला काढल्या.

"आता पोहणार आहात का?" पत्नीने हसत विचारलं.

"निदान पाय तरी बुडवतो," म्हणत सर त्या कोरड्या पांढऱ्या दगडावर अनवाणी उभे राहिले.