उदाहरणातली माणसं

खांबेटे सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि सोबत इंग्रजी विरामचिन्हांवरच्या नव्या पुस्तकाची एकेक प्रत. देवस्थळीबाईंनी आधी मुखपृष्ठ पाहिलं. दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकावर नाव एकट्या सरांचं होतं.

आत मात्र सगळं बाईंचं घर होतं. मुलांच्या लक्षात राहावं म्हणून उदाहरणं घरातली द्यायची, ही त्यांची जुनी पद्धत. स्वल्पविरामापाशी आईचं लिंबाचं लोणचं, प्रश्नचिन्हापाशी धाकटीचा रुसवा, अवतरणचिन्हांत तर गेलेल्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं. सरांनी त्यातलं एक वाक्यही बदललं नव्हतं.

“प्रकाशकांना एकच नाव हवं होतं हो,” सर पेढा पुढे करत म्हणाले. “पण नजर तुमचीच पक्की. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा, शाळांसाठीची मोठी छपाई उद्या सुरू होतेय.”

सवयीने बाईंनी पर्समधलं लाल पेन काढलं. पहिल्याच पानावर, पहिल्याच वाक्याचा पूर्णविराम राहून गेला होता. ही चूक त्यांनी आजवर पाचवीतल्या पोरालाही माफ केली नव्हती.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“काही चुकलेलं नाही,” त्या म्हणाल्या आणि पेढा उचलला.