खालचा थर

"चौकट तीच, कपडे तेच, हातसुद्धा तेच राहू देत," आद्रियान म्हणाला. "चेहरा तेवढा बदला, बुवा."

म्हातारा चित्रकार बारेंट उठला. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र त्यानं फिरवलं आणि ईझलवर चढवलं. चित्रात आद्रियानची पहिली बायको हिलेगोंड खुर्चीत बसली होती. काळा झगा, पांढरी कॉलर, गुडघ्याला टेकलेली लेक. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, आत्ताच कुणाची तरी फिरकी घेतल्यासारखं. रंग पुरता सुकायच्या आत ती बाळंतपणात गेली, आणि चित्र न्यायचं नाव कुणी काढलं नाही. आज वर्षभरानं आद्रियान आला होता, तो नव्या बायकोला आणि लेकीला घेऊन.

"नवं काढतो की," बारेंट म्हणाला. "हिला कशाला हात लावायचा?"

"आणि दोन बायका भिंतीवर टांगून मी जेवायला कुठं बसू?" आद्रियाननं हसायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. आल्यापासून त्यानं चित्राकडे पाठच केली होती. "मला तिच्याकडे बघवत नाही हो. फेकवतही नाही. तिच्या जागी ही दिसली, की घर परत घरासारखं होईल."

खिडकीबाहेर आभाळ भरून येत होतं आणि कुरणावर आद्रियानचं विकायचं कापड वाळत पडलं होतं. ते उचलायला तो घाईघाईनं निघून गेला.

मागं राहिल्या नवी बायको माख्टेल्ड आणि सहा वर्षांची नेलचे. पोरगी चित्रापाशी गेली, टाचा उंचावून तिनं तोंड उघडलं.

"आई, माझा दात पडला. बघ."

उत्तराची वाट बघावी तशी ती थोडा वेळ थांबली. मग बारेंटकडे वळली. "आजोबा, मावशी इथं बसली की आई कुठं बसणार?"

बारेंटनं रंग खरवडायची सुरी उचलली. हिलेगोंडचं दुसरं चित्र जगात कुठंही नव्हतं. सहाव्या वर्षीची आठवण ती कितीशी टिकणार? हा चेहरा गेला, की पोरीला आई गेली ती कायमचीच. हे सगळं त्याला कळत होतं, आणि सुरीही त्याच्याच हातात होती.

"खाली आजी वॅफल करतेय," तो म्हणाला. "पळ, नाहीतर मांजर खाईल."

नेलचे जिना उतरून गेली. इतका वेळ कोपऱ्यात गप्प उभी असलेली माख्टेल्ड पुढं झाली.

"आधी काय करणार?"

"खरवडणार. मग पांढऱ्या सफेद्याचे दोन हात. तो वाळला की वर तुम्ही."

"आणि खरवडलं नाही तर?"

"तर फजिती. आमच्या गुरूंनी एकदा आळस केला. गिऱ्हाइकाला चित्रातलं कुत्रं नको झालं, तर त्यांनी कुत्र्यावर तशीच खुर्ची रंगवली. पुढं गुरू वारले, गिऱ्हाईक म्हातारं झालं, आणि एक दिवस कुत्रं खुर्चीतून बाहेर बघायला लागलं." बारेंट स्वतःशीच हसला. "तेलातला रंग वयानुसार विरळ होतो, माझ्या केसांसारखा. मग खालचं वर येतं."

"किती वर्षांनी?"

"सांगता नाही येत. पातळ हात दिला तर लवकर. तरी मी नसेनच तेव्हा. पोरीला मात्र पोरंबाळं झालेली असतील."

माख्टेल्ड बराच वेळ हिलेगोंडकडे बघत राहिली. सवतीकडे बघावं तसं ते बघणं नव्हतं. परक्या घरात पाऊल टाकताना घरधनिणीकडे बघावं, तसं होतं.

"मग खरवडू नका," ती म्हणाली. "सफेदाही नको. तसंच वर मला रंगवा. अगदी पातळ."

"अहो बाई, खुळ्या की काय? तुमच्याच गालातून ती डोकावायला लागेल! लोक म्हणतील, बारेंटला काम येत नव्हतं."

"म्हणू देत."

"आणि यजमान?"

"त्यांना आज बघवत नाही. तेव्हा बघवेल."

"आणि तुम्ही?" बारेंटचा आवाज उतरला. "तुमचं चित्र मग कुठं राहिलं?"

तिनं खुर्ची उजेडात ओढून घेतली आणि चित्रातल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसली. गुडघ्यापाशी जागा सोडली, पोरगी जिथं उभी राहायची तिथं. तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

बारेंटनं सुरी पुसली आणि खणात टाकली. रंगात जवसाचं तेल घातलं, मग आणखी थोडं घातलं. ब्रश उचलला, पण तो हिलेगोंडच्या हसण्यावर टेकवेना. खालून जिन्यावर नेलचेची पावलं वाजू लागली.

"पण बाई," तो हळूच म्हणाला, "ती रंगातून वर यायला वर्षं लागतील. तोवर या पोरीनं काय करायचं?"

"तोवर मी आहे," माख्टेल्ड म्हणाली.